शेवटच्या चार सेकंदांत स्क्रीनचा फाउल द्यायचा की सोडायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. उत्तराला दोन दिवस लागले, कारण त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. तुमची लेक अकरावीत, न्यू जर्सीतल्या शाळेच्या बास्केटबॉल संघात पोस्टला, म्हणजे बास्केटजवळच्या जागेवर, खेळते. गेल्या आठवड्यात संघ एका गुणाने मागे, सहा सेकंद शिल्लक, आणि तिच्यावर हलत्या स्क्रीनचा (सहकाऱ्याला मोकळं करायला डिफेंडरची वाट अडवताना स्वतः हलण्याचा) फाउल दिला गेला. बॉल गेला, सामनाही गेला. घरी येऊन तिने २०२४ च्या आयोवा आणि यूकॉन (कनेक्टिकट) या विद्यापीठ संघांच्या सामन्याचा व्हिडिओ लावला आणि म्हणाली, यूकॉनच्या आलिया एडवर्ड्सचंही असंच केलं होतं. तुम्ही विचारलंय की शेवटच्या क्षणी पंचांनी असले बारीक फाउल सोडून द्यावेत आणि निकाल खेळाडूंनाच लावू द्यावा, हेच न्याय्य नाही का?

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी मूळची नागपूरची, कॉलेजात असेपर्यंत तिथल्या सिमेंटच्या कोर्टावर खेळले. लग्नानंतर ओहायोत आले आणि गेली १९ वर्षं इथे शाळांच्या आणि छोट्या कॉलेजांच्या मुलींच्या सामन्यांत शिट्टी वाजवते. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या सामन्यांत मी नसते. पण नियम थोड्याफार फरकाने तेच, आणि शेवटच्या मिनिटात पोटात पडणारा गोळाही तोच.

तुमच्या प्रश्नातला पहिला भाग म्हणजे तो फाउल होता का. दुसरा म्हणजे, फाउल असला तरी त्या वेळी द्यायला हवा होता का. लोक भांडतात पहिल्यावरून, मनात असतो दुसरा. आणि माझ्या अनुभवाने या दोन्हींच्या मागे तिसराच एक प्रश्न असतो: आधीच्या तासाभरात त्याच पंचांनी काय दिलं आणि काय सोडलं.

आधी तो प्रसंग. ५ एप्रिल २०२४, क्लीव्हलंड, कॉलेजच्या मुलींच्या राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी. मध्यंतराला यूकॉन सहा गुणांनी पुढे होतं, मग आयोवाने सामना फिरवला. शेवटी आयोवा ७०, यूकॉन ६९ आणि बॉल यूकॉनकडे. आपल्या संघाच्या पेज बेकर्सला मोकळं करण्यासाठी एडवर्ड्स स्क्रीनला आली. बेकर्सच्या मागावर आयोवाची गॅबी मार्शल होती. मार्शल एडवर्ड्सवर आदळली, शिट्टी वाजली, घड्याळात ३.९ सेकंद. आक्रमण करणाऱ्या संघाचा फाउल, म्हणून फ्री थ्रो (कोणी न अडवता बास्केटचा प्रयत्न) नाही, बॉल आयोवाला. मग यूकॉनला आयोवाच्या केटलिन क्लार्कवर फाउल करावा लागला, तिने एक फ्री थ्रो टाकला, दुसरा चुकला, पण चुकून परत आलेला बॉल आयोवालाच मिळाला. ७१-६९. सरासरी १ कोटी ४२ लाख लोक तो सामना बघत होते, आणि मला वाटतं त्यातल्या प्रत्येकाचं त्या शिट्टीबद्दल काही ना काही मत होतं.

स्क्रीनचा नियम तसा सरळ आहे. सहकाऱ्याच्या मागे धावणाऱ्या डिफेंडरच्या वाटेत तुम्ही भिंतीसारखं उभं राहू शकता, पण भिंत चालत नाही. धडक होते त्या क्षणी पाय थांबलेले हवेत, खांद्यांच्या रुंदीपेक्षा जास्त फाकलेले नकोत, आणि खांदा, कोपर किंवा कंबर बाहेर काढून वाट आणखी अडवायची नाही. समोरची मुलगी धावत येत असेल तर तिला थांबायला किंवा वळायला एक-दोन पावलांची जागा द्यायची. मी तो व्हिडिओ संथ करून पुन्हा पुन्हा पाहिला आहे. एडवर्ड्स मार्शलच्या बाजूला झुकलेली आहे आणि पुरती स्थिरावलेली नाही. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे तो फाउल आहे. हे मी ठामपणे लिहिते.

पण मी कोर्टावर असते तर तो दिला असता का? इथे मला सांभाळून बोलायला हवं, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. पुस्तकाप्रमाणे फाउल असलेले पाच-पंचवीस स्पर्श आम्ही प्रत्येक सामन्यात सोडतो. कोपऱ्यात कोणी कोणाला हलकंसं ढकललं, बॉल दुसऱ्या टोकाला, कोणाचा फायदा नाही की तोटा नाही, तिथे शिट्टी वाजवून खेळ मोडण्यात अर्थ नसतो. आम्ही बघतो ते एवढंच की त्या स्पर्शाने कोणाला काही मिळालं का, आणि कोणाचं काही गेलं का. मार्शलचं गेलं होतं. जिला अडवायचं ती बेकर्स बॉल घ्यायला निघाली होती आणि मार्शल त्या धडकेने मागे राहिली. सगळा खेळच त्या एका स्क्रीनवर उभा होता. अशा स्पर्शाला किरकोळ म्हणता येत नाही, पहिल्या मिनिटात नाही आणि चाळिसाव्यातही नाही.

तुम्ही म्हणता तसं मीही पूर्वी मानायचे, की शेवटी पंचाने बाजूला व्हावं. मग एक सामना झाला. बाराएक वर्षं झाली. छोट्या गावातली शाळा, जिम इतकी लहान की बेसलाइनमागे, म्हणजे बास्केटखालच्या रेषेमागे, भिंतीला गाद्या बांधलेल्या. पाहुणा संघ एका गुणाने पुढे, सहा-सात सेकंद उरलेले. यजमान संघाच्या उंच मुलीने स्क्रीन लावताना एक पाऊल बाजूला टाकलं. मला ते पाऊल स्पष्ट दिसलं, शिट्टी दातांत होती, फुंकली नाही. मनात एकच विचार, आता मी निकाल लावायचा नाही. डिफेंडर जमिनीवर पडली, यजमानांच्या गार्डला (बॉल हाताळणाऱ्या खेळाडूला) मोकळी वाट मिळाली, बास्केट झाली, सामना संपला. पडलेली मुलगी उठली, गुडघा चोळत माझ्यापाशी आली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, "मॅम, पहिल्या क्वार्टरमध्ये हाच फाउल तुम्ही माझ्यावर दिला होता ना?"

दिला होता. अगदी तोच. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येताना तासभर गाडी चालवत होते आणि तेच घोळत होतं. निकाल लावायचा नाही म्हणून मी गप्प बसले होते, आणि त्या गप्प बसण्यानेच निकाल लागला होता. ज्या मुलीने नियम मोडला तिला मी सामना दिला, जिने पाळला तिच्याकडून काढून घेतला. आपल्याकडे मापात पाप म्हणतात, ते हेच. दुकानदाराने सकाळी एका वजनाने तोलावं आणि दुकान बंद करताना दुसऱ्याने. तेव्हापासून शेवटच्या मिनिटात माझं वजन बदलत नाही.

न वाजलेली शिट्टीही किती भारी पडते हे बघायचं तर २०२१ चा यूकॉन आणि बेलरचा सामना बघा. सॅन अँटोनिओ, उपांत्यपूर्व फेरी, यूकॉन ६८-६७ ने पुढे. बेलरची डिजोने कॅरिंग्टन बेसलाइनजवळून शॉट घ्यायला उडाली, यूकॉनच्या दोघी तिच्यावर गेल्या. स्पर्श झाला, शॉट पडला नाही, शिट्टी वाजली नाही. सामना ६९-६७ ने यूकॉनचा. बेलरच्या प्रशिक्षक किम मल्की संतापल्या, लेब्रॉन जेम्ससारख्या खेळाडूनेही तो फाउल होता असं जाहीर लिहिलं. माझ्या मतेही तो फाउल होता, शॉट घेणाऱ्या मुलीच्या हाताला आणि अंगाला लागलेलं दिसतं. आणि त्या दोन डिफेंडरपैकी एक कोण होती? आलिया एडवर्ड्स, तेव्हा पहिल्या वर्षाला. दुसरी ऑलिव्हिया नेल्सन-ओडोडा. एडवर्ड्सच्या कॉलेजच्या चार वर्षांत एकदा न वाजलेली शिट्टी तिच्या संघाला पुढे घेऊन गेली आणि एकदा वाजलेली शिट्टी घरी. तुमच्या लेकीला हे दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ दाखवा. पंच बाजूला झाले की निकाल खेळाडूच लावतात, हे कॅरिंग्टनला पटवून बघा म्हणावं.

आता तो तिसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा. क्लीव्हलंडच्या सामन्यानंतर यूकॉनचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा जे बोलले त्याचा आशय दोन वाक्यांचा होता. एक, असा बेकायदा स्क्रीन शोधायला गेलं तर प्रत्येक चालीत सापडेल. दोन, आमच्यावर त्या रात्री असे तीन-चार फाउल दिले, त्यांच्यावर एकही दिसला नाही. पहिलं वाक्य बहुतेक प्रशिक्षक बोलतात, त्यात तथ्यही आहे, मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये स्क्रीन बरेच ढिलाईने लावले जातात. दुसऱ्या वाक्यात मात्र दोन गोष्टी आहेत. समोरच्या संघाचे तसेच स्क्रीन खरोखर सुटले असतील, तर तक्रार रास्त आहे, आणि ती शेवटच्या शिट्टीबद्दलची नाही, आधीच्या न वाजलेल्या शिट्ट्यांबद्दलची आहे. पण तीन-चार वेळा तुमच्यावर तोच फाउल दिला गेला असेल, तर आजचे पंच स्क्रीन बघताहेत हे तुमच्या संघाला कधीच कळलेलं होतं. इशारा मिळालेला होता. सामनाभर एकही स्क्रीन न देता शेवटच्या चार सेकंदांत पहिला दिला असता, तर मीही ऑरिएमांच्या बाजूने उभी राहिले असते.

म्हणून मी तुम्हाला उलट विचारते. तुमच्या लेकीच्या सामन्यात आधी कोणाला हलत्या स्क्रीनचा फाउल मिळाला होता का? मिळाला असेल तर शेवटचाही द्यायलाच हवा होता. एकही नसेल, आणि दोन्ही बाजूंनी तसे स्क्रीन लागत असतील, तर तिची चीड योग्य आहे. तरी ती चीड दुसऱ्या क्वार्टरवरची असावी. शेवटची शिट्टी कशी असेल हे आम्ही पहिल्या पाच मिनिटांत ठरवत असतो. तिथे आळस केला की शेवटी आमच्यासमोर दोनच वाटा उरतात आणि दोन्ही वाईट.

शेवटच्या मिनिटात आम्ही नक्की काय करतो तेही सांगते, कारण गॅलरीतून ते दिसत नाही. टाइमआउट लागला की आम्ही तिघी (किंवा तिघे) मध्ये जमतो. कोणाचे किती टाइमआउट उरले, झटापटीत बॉल अडकला तर तो कोणाला द्यायचा हे दाखवणारा बाण कोणाकडे, कोणत्या संघाचे या क्वार्टरमध्ये किती फाउल झालेत. कॉलेजच्या मुलींच्या खेळात क्वार्टरमधल्या पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे तीन फाउल झालेला संघ आता मुद्दाम आणखी एक करणार का, हे आधी बोलून ठेवावं लागतं. मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करणार असेल तर पहिल्या स्पर्शालाच शिट्टी द्यायची, नाहीतर पुढची मुलगी जर्सी ओढते आणि त्यापुढची धक्का देते. मग वाटणी: बेसलाइनवरची एक, मागे राहणारी एक, मधल्या बाजूची एक. बॉल कोणाच्या भागात, घड्याळ कोण बघणार, आणि बॉलपासून लांब काय चाललंय ते कोण बघणार.

ते शेवटचं काम सगळ्यांत अवघड. भरलेल्या जिममध्ये सगळ्यांचे डोळे बॉलवर असताना तुम्ही दोन मुलींच्या पायांकडे बघत उभं राहायचं. बॉल कुठे आहे ते तुम्हाला आवाजावरून कळतं. डोळ्यांसमोर फक्त बूट, गुडघे, कंबर. कोणाचे बूट करकरले, कोणाची टाच उचलली. क्लीव्हलंडची शिट्टी अशाच कामातून आली. लोक म्हणाले पंचाला शोधून काढायची काय गरज होती. कोणी काही शोधत नव्हतं, ज्या माणसाने तिकडे बघायचं होतं त्याने तिकडेच बघितलं.

तुम्ही आणखी विचारलंय की व्हिडिओ बघून का ठरवत नाहीत. कॉलेजच्या मुलींच्या खेळात २०२४-२५ च्या हंगामापासून प्रशिक्षकांना आव्हान देण्याची सोय झाली. पण ती ठरावीक गोष्टींपुरती आहे: बॉल कोणाकडून बाहेर गेला, मागच्या कोर्टात परत नेला का, फाउल नेमका कोणत्या खेळाडूचा, फाउलच्या आधी बॉलचा ताबा बदलला होता का. झालेला स्पर्श फाउल ठरतो की नाही, हे आव्हानात येत नाही. म्हणजे क्लीव्हलंडचा प्रसंग आज पुन्हा घडला तरी ऑरिएमांना तो निर्णय पडद्यावर नेता येणार नाही. मला ही मर्यादा योग्य वाटते. घड्याळ आणि रेषा कॅमेऱ्याला कळतात. स्पर्शाचं वजन संथ चित्रात नेहमी जास्त वाटतं, साधा धक्का टक्कर दिसू लागतो.

कॅमेऱ्याने सगळं सुटतं असंही नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये नॉक्सव्हिलला टेनेसी आणि रटगर्सचा सामना झाला. रटगर्स ५८-५७ ने पुढे, आणि घड्याळ ०.२ सेकंदांवर क्षणभर अडकलं. त्या अडकलेल्या वेळात टेनेसीच्या निकी अनोसिकेवर फाउल झाला. पंचांनी मॉनिटर पाहिला, ०.२ सेकंद कायम ठेवले, तिने दोन्ही फ्री थ्रो टाकले, टेनेसी ५९-५८. तिथे फाउलबद्दल फारसा वाद नव्हता. वाद हा होता की घड्याळ नीट चाललं असतं तर सामना आधीच संपला असता. रटगर्सच्या मुलींसाठी मला आजही वाईट वाटतं, कारण त्यात कोणाच्या निर्णयशक्तीचा प्रश्नच नव्हता, यंत्र थांबलं होतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या लेकीशी आवर्जून बोला. क्लीव्हलंडनंतर गॅबी मार्शलला लोकांनी इतकं छळलं की तिने आपलं इन्स्टाग्राम खातं बंद केलं. तिने काय केलं होतं? जिला अडवायचं होतं तिच्या मागे पळत होती आणि मध्ये कोणीतरी आडवं आलं. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने चांगला डिफेन्स केला म्हणून तिच्यावर शिव्यांचा पाऊस पडला, हे मला त्या फाउलपेक्षा कितीतरी जास्त टोचतं. आणि जिचा शेवटचा शॉट हिरावला गेला ती पेज बेकर्स सामन्यानंतर काय म्हणाली? एका चालीने सामना जात नाही, तिथवर वेळ येऊ न देण्यासाठी मीच आणखी काही करायला हवं होतं, या अर्थाचं. हरल्यावर दहा मिनिटांत असं बोलता येणं सोपं नसतं. तुमच्या लेकीच्या सामन्यात समोरची जी मुलगी पडली, तिला कोणी शाळेच्या ग्रुपवर काही लिहिलं असेल तर ते तुमच्या लेकीने थांबवावं असं मला वाटतं. तिचं ऐकतील.

आता उपयोगाचं थोडं. हलत्या स्क्रीनचा फाउल लिहिला जातो पोस्टच्या नावावर, पण मी जे देते त्यांतले निम्म्याहून जास्त गार्डच्या घाईमुळे झालेले असतात. पोस्ट जागेवर पोचण्याआधीच गार्ड निघते, तिचा डिफेंडर वेगळ्या रेषेत येतो, आणि बिचारी पोस्ट त्याला गाठायला अर्धं पाऊल सरकते किंवा कंबर काढते. शेवटच्या मिनिटात ही घाई दुप्पट होते. म्हणून सरावाला दोघींना एकत्र उभं करा. तुमच्या लेकीने नेहमीपेक्षा दोन पावलं आधी पोचायचं, दोन्ही पाय आपटून थांबायचं, मनगट धरून हात छातीशी घ्यायचे म्हणजे कोपर बाहेर जात नाही. डिफेंडर बाजूने निसटला तर निसटू द्यायचा. आणि गार्डने डोळ्यांनी अंदाज न घेता कानाने घ्यायचा. पोस्टचे दोन्ही बूट वाजून थांबले, की मगच निघायचं.